पेबल खाण नेमकी कोणत्या कलमाने अडली?

अलास्कातल्या पेबल खाणीबद्दल ‘पर्यावरणवाद्यांनी कोर्टात जिंकलं’ असं सर्रास लिहिलं जातं. ते अर्धवट आहे. खाण अडली सरकारी यंत्रणेच्याच निर्णयाने. कोर्टाचं काम मधल्या एका टप्प्यापुरतं.

ब्रिस्टल बे ही अलास्कातली खाडी; सॉकआय जातीच्या सॅमन माशांची जगातली सगळ्यात मोठी मासेमारी इथे चालते. तिच्या वरच्या अंगाला, कॉक्टुली नदीच्या उगमाजवळ, तांबं-सोन्याचा साठा आहे; पेबल खाण तिथेच काढायचा बेत होता.

अशा प्रकल्पाविरुद्ध लोक आधी ‘नेपा’ या अमेरिकेच्या राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्याकडे धावतात. पण तो फक्त परिणाम तपासायला लावतो. अहवाल नीट लिहिला असेल तर नुकसान दिसत असूनही परवाना देता येतो. नेपामुळे वेळ मिळतो, बंदी नाही. खरी धार 1972 च्या स्वच्छ पाणी कायद्याच्या कलम 404 ला. ओढ्यात किंवा पाणथळीत भराव टाकायला आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सचा (लष्कराच्या अभियांत्रिकी विभागाचा) परवाना लागतो, आणि 404(सी) खाली ईपीए, म्हणजे अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था, ती जागाच भरावासाठी बंद करू शकते.

ईपीएने 2014 मध्ये तसा प्रस्ताव मांडला आणि 2019 मध्ये, सरकार बदलल्यावर, मागे घेतला. इथे कोर्ट कामी आलं. 2021 मध्ये अपील कोर्ट म्हणालं: तुमच्याच नियमाप्रमाणे, गंभीर नुकसानाचा संभव नसेल तरच प्रस्ताव मागे घेता येतो. दरम्यान 2020 मध्ये कोअरनेही परवाना नाकारला होता. जानेवारी 2023 मध्ये ईपीएची अंतिम बंदी आली.

तिच्यामागे घोषणा नाहीत, मोजमाप आहे: सॅमनची नोंद असलेले सुमारे 8.5 मैल प्रवाह नष्ट, त्यांना आधार देणारे आणखी 91 मैल, 2,108 एकर पाणथळ, शिवाय 29 मैलांत प्रवाह 20 टक्क्यांहून जास्त बदलणार. कोर्ट सहसा यंत्रणेच्या फाइलपलीकडे बघत नाही, म्हणून असे आकडे हरकतींच्या मुदतीतच फाइलमध्ये जावे लागतात. समुद्रातून नदीत येणाऱ्या सॅमनसारख्या माशांच्या ओढ्यांची राज्याच्या मत्स्य विभागाची एक यादी आहे; तिच्यात ओढा नसेल, तर अशा माशांच्या अधिवासासाठीचा राज्याचा परवानाही त्याला लागू होत नाही. म्हणून आधी जाळी घेऊन उगमापर्यंत सर्वेक्षण, मग वकील. हा क्रम बऱ्याच संघटना उलटा करतात.

तरीही ही बंदी प्रशासकीय आहे. खाणकंपनी आणि अलास्का राज्य तिच्याविरुद्ध कोर्टात गेले आहेत, आणि उद्याची ईपीए ती फिरवू पाहू शकते. त्या मानाने पेड्रो बे गावाच्या कॉर्पोरेशनने (मूलनिवासी गावकऱ्यांच्या मालकीच्या, जमीन असलेल्या कंपनीने) केलं ते जास्त टिकाऊ वाटतं. खाणीचा रस्ता ज्या जमिनीवरून जाणार होता, तिथल्या 44,000 एकरांहून अधिक क्षेत्रावर 2022 मध्ये त्यांनी कायमचा संवर्धन-करार नोंदवला. जमीन त्यांचीच राहिली, खाणीचा रस्ता मात्र तिथून बांधता येत नाही.