टाचेतल्या खिळ्यावरून हातांचं काय कळणार?

येशूच्या क्रूसाच्या आकारावरचा लेख छान, पण एक खटकलं. येशूला आडव्या फळीच्या क्रूसावर खिळलं की नुसत्या उभ्या खांबावर, हा बाकीची चर्चेस (क्रूस म्हणणारी) आणि यहोवाचे साक्षीदार हा ख्रिस्ती पंथ (खांब म्हणणारा) यांच्यातला वाद. लेखकानं 1968 साली जेरुसलेमला सापडलेलं, खिळून मारलेल्या कुणा एकाच्या टाचेचं हाड क्रूसाचा 'निर्णायक पुरावा' ठरवलंय. तसं नाही हो. त्या हाडातून साडेअकरा सेंटिमीटरचा लोखंडी खिळा बाजूनं आरपार गेलाय, टोक वाकलंय. त्यावरून पाय कसे ठोकले ते कळतं, हात कुठे होते ते नाही.

क्रूसवाल्यांची बाजू भक्कम आहे ती दुसरीकडे. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात दोषपत्र, म्हणजे गुन्ह्याची पाटी, डोक्याच्या वर लावलंय; खांबावर हात वर ठोकले असते तर ते हातांच्या वर म्हटलं असतं. आणि रोमच्या पॅलेटाइन टेकडीवर एका भिंतीवर कुणीतरी ख्रिस्ती माणसाची टवाळी म्हणून क्रूसावर गाढवाच्या डोक्याचा देव खरडलाय. आडवं लाकूड स्वच्छ दिसतं. टवाळखोराला धर्ममताशी काय देणंघेणं? मला तर तोच साक्षीदार जास्त भरवशाचा वाटतो!

गंमत म्हणजे यहोवाच्या साक्षीदारांच्याच नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर 1931 पर्यंत क्रूस-मुकुटाचं चिन्ह होतं.

इथे बडोद्यात फतेहगंजला आमच्या ओळखीचे एक मेथडिस्ट (प्रोटेस्टंट चर्चचे) काका आहेत. पुतण्या साक्षीदारांत गेला, तेव्हापासून नाताळच्या जेवणाला येत नाही. काका आकारावरून भांडतात, तो म्हणतो क्रूसापुढे हात जोडणं हीच मूर्तिपूजा. खरा मुद्दा हा, आणि लेखात नेमका तोच निसटलाय. उद्या आडवी फळी सिद्ध झाली तरी तो पोरगा गळ्यात क्रूस घालणार नाही.