शुगर निघाली का?

लातुरात ज्याला शुगर नाही त्याने पथ्य करू नये. करायचं म्हटलं तरी लोक करू देत नाहीत. ताटात हात आखडता घेणाऱ्या माणसाबद्दल आमच्याकडे दोनच शक्यता धरतात: एक तर त्याला काहीतरी निघालंय, नाहीतर तो रुसलाय. निघालं असेल तर विचारपूस होते, रुसला असेल तर समजूत काढतात, आणि दोन्हींचा शेवट वाढण्यातच होतो. ‘मला काही झालेलं नाही, कुणावर रागही नाही, फक्त पँटचं बटण लागत नाही’ असं सांगून बघा. समोरचा हसतो आणि वाटी भरतो.

माझी पंचाईत रक्ताच्या रिपोर्टने केली. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी ती एचबीएवनसी नावाची तपासणी असते. 5.7 पासून 6.4 पर्यंत काठावरचे, 6.5 पासून पुढे पक्के मधुमेही. माझी आली 5.6. डॉक्टर म्हणाले, “नॉर्मल आहे. पण आता सांभाळा. बाहेरचं कमी, पाकिटातलं कमी, तेल-मीठ-साखर बेतात.”

“म्हणजे मला काही निघालं का?”

“काही नाही.”

“मग लोकांना काय सांगू?”

यावर त्यांच्याकडे गोळी नव्हती. ज्या गावात एका मार्काने एमबीबीएस हुकलेली पोरं गल्लोगल्ली रिपीट करत बसलेली असतात, त्या गावात माझी शुगर पॉइंट एकने हुकली. लातूर पॅटर्नमध्ये अशा पोराला ‘पुढच्या वर्षी आणखी जोर लाव’ असं सांगतात. डॉक्टरांनी नेमकं तेच करू नका म्हटलं होतं.

सुरुवात मॉलपासून केली. आमच्याकडे एसी असलेल्या कुठल्याही किराणा दुकानाला मॉल म्हणतात. तिथे ‘हेल्दी’ अशी पाटी लावलेलं एक वेगळं कपाट असतं आणि त्यासमोर गर्दी नसते. पाकिटावरचे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, जे सगळ्यात जास्त ते पहिलं, हा नियम मला नुकताच कळला होता. हा नियम कळला की खरेदीतली मजा गेलीच म्हणून समजा. नऊ धान्यांच्या बिस्किटात पहिला मान मैद्याचा, दुसरा साखरेचा, तिसरा पामतेलाचा, आणि नऊ धान्यं मागे दाटीवाटीने उभी, आमंत्रण असून ओळख नसलेल्या वऱ्हाड्यांसारखी. ब्राऊन ब्रेडचा रंग बघून मी सुखावलो होतो. मागे ‘कॅरामल कलर’ वाचलं. साखर तर नाव बदलून हिंडते: लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज. ज्यूसच्या खोक्यांवर ‘100 टक्के फळांचा रस’ असं छापायची सोय होती. 2024 च्या जूनमध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ते काढायला लावलं, कारण आत बहुतेक पाणी आणि थोडा आटवलेला रस असायचा. म्हणजे सरकारलाही मागची बाजू वाचावी लागली. अक्षरं इतकी बारीक की मला बायकोचा चष्मा लावावा लागला.

असा मी बायकोचा चष्मा लावून बिस्किटाचा पुडा नाकाजवळ धरून उभा, तेवढ्यात दुकानातलं पोरगं आलं. “काय बघायलाव काका? तारीख का? कालच माल आलाय.”

“तारीख नाही बाबा, साखर बघतोय.”

त्याचा चेहरा मऊ झाला. “शुगर निघाली का?”

त्या कपाटात मला सगळ्यात जास्त कुतूहल होतं ते ज्वारीच्या कुरकुरीत चकत्यांचं. पाकिटावर भरलेलं कणीस, मागे मावळता सूर्य. जी गोष्ट तोंडावर मिरवायची तिची टक्केवारी मागे द्यावी लागते, तशी दिली होती: ज्वारीचं पीठ 12 टक्के. 60 ग्रॅमचं पाकीट, 50 रुपये. मी तिथेच हिशोब मांडला. 60 ग्रॅमच्या 12 टक्के म्हणजे सव्वासात ग्रॅमच्या आसपास ज्वारी. 2024-25 ला मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला 3421 रुपये होता. त्या भावाने या पाकिटात पंचवीस पैशांची ज्वारी होती. उरलेले पावणेपन्नास रुपये सूर्याचे.

ज्वारीचं हे बरंच झालं म्हणा. माझ्या वडिलांच्या पिढीने 1972 च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली मिलो नावाची लाल ज्वारी रेशनला रांग लावून नेली, आणि पुढे आयुष्यभर घरी पाहुणा आला की त्याला गव्हाची पोळी वाढली, कारण पाहुण्याला भाकरी वाढणं म्हणजे घरची परिस्थिती सांगणं. मग संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरडधान्याचं वर्ष ठरवलं, परभणीच्या कृषी विद्यापीठाची लोह-जस्त जास्त असलेली ‘परभणी शक्ती’ त्याआधीच आली होती, आणि ज्या भाकरीला वडील लाजायचे ती इंग्रजी नाव घेऊन एसीत जाऊन बसली. वडील असते तर पाकीट उलटसुलट करून एवढंच म्हणाले असते, “चटणी कुठंय?”

मॉलमधून रिकाम्या हाताने बाहेर पडलो आणि गंजगोलाईतल्या आमच्या नेहमीच्या किराणा दुकानात गेलो. इथे पाकिटांचा त्रास नाही. इथे दुकानदाराचा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या मे महिन्यात आहाराबद्दल नवीन सूचना काढल्या. 17 सप्टेंबर 1948 ला आम्ही हैदराबादच्या निजामाच्या हुकमातून सुटलो, असं शाळेत शिकलो होतो. पण पोटाच्या बाबतीत फर्मान अजून तिकडूनच निघतं. त्यात दिवसाच्या ताटात माणशी 27 ग्रॅम तेल-तूप सांगितलंय. आम्ही घरात चौघं. महिन्याला सगळं मिळून साडेतीन लिटर होतं. यादीत मी पंधरा लिटरच्या डब्याच्या जागी ‘तेल साडेतीन लिटर’ असं लिहून दिलं.

दुकानदाराने यादी वाचली, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, आणि हिशोबाची वही बंद केली.

“बाकीचं तेल कुठून नेताव?”

“कुठूनच नाही. एवढंच लागणार आता.”

“सर, वडिलांपासून खातं हाय तुमचं. काय चुकलं असलं तर सांगा. भाव कमी करून देतो, पण अशी फारकत नका घेऊ.”

मी त्याला पोषण संस्था समजावली. त्याने माझ्यासाठी चहा मागवला. मी म्हणालो, बिनसाखरेचा. मग त्याला उलगडा झाला, आणि गल्ल्याशेजारच्या पोराला तो हळूच म्हणाला, “शुगर निघाली.” पंधरा लिटरचा डबा त्याने तरीही संध्याकाळी घरी पोचता केला. “पैशे सावकाश द्या” असा निरोपही.

बाहेर खाणं हा तर वेगळाच प्रांत. केंद्राचा परवाना असलेल्या किंवा दहा नि जास्त शाखा असलेल्या हॉटेलांनी मेनूकार्डावर कॅलरी छापायच्या, असा नियम 2022 च्या जुलैपासून आहे. आमच्या ढाब्याला एकच शाखा, आणि ती चिंचेची, जिच्याखाली खाटा टाकल्यात. मेनूकार्डही नाही. पोरगं एका श्वासात म्हणून दाखवतं: शेवभाजी, अख्खा मसूर, काजू करी, बैंगन मसाला, दाल तडका, दाल फ्राय. कॅलरी विचाराव्यात तर त्याचा श्वास तुटेल.

तुळजापूरला दर्शनाला निघालो होतो, जुने मित्र बरोबर. औशाच्या पुढे गाडी थांबली. मी पोराला विचारलं, “तेल कमी असलेलं काय आहे?”

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. “पाणी बाटली.”

“भाजीत तेल कमी घालता येईल का?”

“भाजी तयार हाय मामा. तर्री वरून काढून देतो.”

आणि काढली. मग तीच तर्री वेगळ्या वाटीत आणून माझ्यापुढे ठेवली, कारण पैसे पूर्ण भाजीचे लागणार होते आणि ढाबेवाला हिशोबाला सरळ माणूस होता. मित्राने ती वाटी उचलून माझ्या ताटात उलटी केली. “वाया कामून घालवायची?”

सॅलड मागवलं. काकडीच्या चकत्यांवर मीठ, मिठावर चाटमसाला, चाटमसाल्यावर शेव. ती शेव मी बोटाने बाजूला करत होतो, तेव्हा मित्रांचे हात थांबले. सगळे माझ्याकडे बघत होते. एकजण अगदी हळू आवाजात म्हणाला, “खरं सांग. काय निघालं?”

मी ताटाकडे बघत म्हणालो, “शुगर.”

काय सांगू, शांतता झाली. कुणी आग्रह केला नाही. पोराने न सांगता रोटीच्या जागी ज्वारीची भाकरी आणली, कांदा फोडून दिला, ताकात मीठ न घालता ताक दिलं. मित्राने माझ्या ताटातली तर्री स्वतःच्या भाकरीने टिपून घेतली आणि वर पाठीवर हात ठेवला. इतकं मनासारखं जेवण मला गावात कधी मिळालं नव्हतं. परत येताना उजनीला बासुंदीसाठी थांबणं हे दर्शनाइतकंच सक्तीचं असतं. सगळ्यांपुढे बासुंदी आली, माझ्यापुढे बिनसाखरेचा चहा, आणि कुणी चकार शब्द काढला नाही. बासुंदीच्या वाटीकडे बघत फिका चहा पिताना मला पहिल्यांदा वाटलं, एवढी सवलत नसती मिळाली तरी चाललं असतं.

लातूरला पोचायच्या आत बातमी पोचली होती. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू कारल्याचा रस घेऊन दारात. मग जांभळाच्या बियांची पूड आली, भिजवलेल्या मेथीचा सल्ला आला, कुणाच्या तरी मामेभावाला उतार पडलेल्या एका झाडाची पानं आली. ज्याला त्याला औषध ठाऊक, आणि सगळ्यांचं एका बाबतीत एकमत: गुळाने काही होत नाही. गूळही त्याच उसाचा, त्यातही मुख्यतः साखरच, हे मी सांगून पाहिलं. लोक माझ्याकडे अशा नजरेने बघत की बिचाऱ्याने फारच मनाला लावून घेतलंय. मग गुळाचा चहा येई. साखर निम्मी पडली असती, पण गूळ निर्धोक, म्हणून दुप्पट.

सत्य फक्त बायकोला ठाऊक होतं. ती म्हणाली, “अहो, बोललात ते बोललात. आता निदान कारल्याचा रस तरी प्या. काकू रोज रिकामा पेला मागतात.” मी पीत होतो.

आणि मग येळवस आली. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला लातूर आणि धाराशिवकडची बाजारपेठ ओस पडते, सगळं गाव शेतात. अक्काच्या शेतात कडब्याची कोप उभी, आत पाच पांडवांचे पाच दगड चुना लावून मांडलेले, आणि बाहेर ज्वारी डोक्याएवढी. मी निर्धास्त होतो, कारण येळवशीचं जेवण हैदराबादवाल्यांनी स्वतः येऊन ठरवलं असतं तरी याहून वेगळं ठरलं नसतं. कोवळी तूर, वाटाणा, हरभरा आणि हाताला लागेल त्या भाज्या घालून केलेली भज्जी. बाजरीचे उंडे. ज्वारीची भाकरी. ताकात आंबवलेली आंबील. मैदा नाही, पाकीट नाही, मागची बाजू नाही. डाळ, पाला, भरडधान्य, सगळं जिथल्या तिथे. फक्त ‘माणशी किती’ हा रकाना तेवढा येळवशीत नसतो. भज्जी परातीतून येते, आणि परात भरलेली असेपर्यंत वाढणारीचा हात थांबत नाही. “भाज्याच हायत की सगळ्या. भाजीनं कुठं वजन वाढतंय?” हे ऐकत मी उंड्यांचा हिशोब सोडून दिला.

मग अक्का झाकलेलं पातेलं घेऊन आली.

“ही खीर तुझ्यासाठी येगळी केली. साखरंचा कण न्हाई. निस्ता गूळ.”

“अक्का, अगं गूळ म्हणजे...”

“सेंद्रिय हाय.”

शेजारी दाजी बसले होते. दाजींना खरी शुगर आहे, बरीच जुनी. त्यांच्यापुढची खिरीची वाटी पुसून लखलखीत झाली होती आणि दुसरी भरून आली होती.

“दाजी, तुमची मध्ये किती होती?”

“नऊ.”

“आणि हे?”

“आज येळवस. खायचं ठरलेलं होतं, म्हणून सकाळीच गोळी दीड घेतली.”

“बघ,” अक्का म्हणाली, “ह्यांना नऊ हाय तरी सुखानं खायलेत. तू कामून तोंड बारीक करून बसलास?”

दाजींनी वाटी खाली ठेवली. माझी दया आल्यासारखं बघितलं, सदऱ्याच्या खिशात हात घातला, कागदाची बारीक पुडी काढून माझ्या ताटाच्या कडेला ठेवली आणि म्हणाले, “उरलेली अर्धी हाय, मेव्हणं. ही टाका तोंडात, अन् बसा खिरीला.”