हातचा विसरलेला हिशेब : ‘छत्री काढा, स्टिक लावा’ या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

मिरजेच्या वाचक बाईंना, सप्रेम नमस्कार.

आपण नाव न लिहिता ‘एक निवृत्त गणित शिक्षिका’ एवढीच सही केली आहे, म्हणून बाई म्हणण्याची मोकळीक घेतो. डीटीएच, म्हणजे छतावरची छत्री, बंद करून टीव्हीला स्ट्रीमिंग स्टिक, म्हणजे इंटरनेटवरची ॲप्स टीव्हीवर दाखवणारी छोटी कांडी, जोडली की महिन्याचा खर्च निम्म्यावर येतो, असे मी गेल्या महिन्यातील लेखात ठासून लिहिले होते. त्यावर आपले म्हणणे असे, की ब्रॉडबँडचे बिल मी हिशेबात धरलेच नाही, ॲप्सचे वर्षाचे सदस्यत्व एकदम घेण्याच्या माझ्या सल्ल्यामुळे आपल्या मुलाचे पैसे वाया गेले, स्टिक दिवसातून चार वेळा आपोआप बंद पडून पुन्हा सुरू होते आणि सासूबाईंना संध्याकाळची मालिका लावून देण्यासाठी कोणीतरी घरी थांबावे लागते. “हातचा घ्यायला विसरलात,” असे आपण लिहिले आहे.

विसरलो, हे कबूल. माझ्याकडे ब्रॉडबँड कामासाठी आधीपासूनच होते, त्यामुळे मला ते फुकट वाटले. ज्या घरात ते केवळ टीव्हीसाठी घ्यावे लागेल, तिथे 399 रुपयांचा 30 एमबीपीएसचा साधा प्लॅनसुद्धा 18 टक्के जीएसटीसह 470.82 रुपयांना पडतो, आणि तोही एकाही ॲपचे पैसे भरण्याआधी. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भागवावे म्हटले, तर एचडी चित्राला तासाला 3 जीबीपर्यंत डेटा लागतो. रोजच्या 2 जीबीत एक मालिका आणि बातम्याही धड होत नाहीत.

मात्र आपले डीटीएचचे बिल दरमहा 480 रुपये येते, असे आपण ओघात लिहून गेला आहात, तिथे मी थांबलो. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नव्या दररचनेनुसार 1 फेब्रुवारी 2019 पासून ग्राहकाला हव्या त्या वाहिन्या सुट्या निवडता येतात. जोडणीचे मूळ शुल्क तेव्हा जास्तीत जास्त 130 रुपये, म्हणजे करासह 153.40 रुपये ठरले होते. 2024 च्या जुलैमध्ये ही मर्यादा उठवली गेल्याने आपली कंपनी आज किती घेते ते बिलावर पाहावे लागेल. पण 130 च धरले आणि तीन सशुल्क मराठी वाहिन्या प्रत्येकी 19 रुपयांनी घेतल्या, तर 57 रुपये आणि त्यावरील कर मिळून एकूण 220.66 रुपये होतात. उरलेले अडीचशेहून अधिक रुपये बहुधा पॅकचे, म्हणजे कंपनीने एकत्र बांधून दिलेल्या वाहिन्यांच्या गठ्ठ्याचे आहेत. पॅकमध्ये हव्या असलेल्या दोन वाहिन्यांबरोबर नको असलेल्या पंधरा येतात आणि पॅक स्वस्त दिसतो तो त्या पंधरांची किंमतही जमेस धरल्यामुळे. आमच्याकडे भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकोनात, दुधाच्या हिशेबाशेजारी, रोज कोणती वाहिनी लागली ते महिनाभर लिहून ठेवले, तेव्हा सगळ्या मिळून सहा निघाल्या. तेव्हा आपल्या घरी बचत व्हायची असेल, तर ती छत्री काढून नव्हे, पॅक मोडून होईल. हे मला मूळ लेखात सुचायला हवे होते.

वार्षिक सदस्यत्वाबद्दलचा सल्ला मी मागे घेतो. वर्षाचे पैसे एकदम भरले की महिन्याचा भाव कमी पडतो, हे गणित बरोबर आहे. परंतु भाव वर्षभरासाठी ठरला तरी माल तोच राहील, याची हमी नसते. ॲमेझॉन प्राइमचे 1,499 रुपये आधीच भरलेल्यांना 17 जून 2025 पासून प्राइम व्हिडिओवर जाहिराती दिसू लागल्या आणि त्या नको असतील, तर वर्षाला आणखी 699 रुपये मोजा, असे सांगण्यात आले. आयपीएल 2023 आणि 2024 मध्ये जिओसिनेमावर फुकट दिसत होते. 14 फेब्रुवारी 2025 ला ते ॲप हॉटस्टारबरोबर एकत्र होऊन जिओहॉटस्टार आले आणि पूर्ण सामन्यांसाठी सदस्यत्व किंवा ते सोबत देणारे रिचार्ज लागू लागले. आता माझ्या घरी एका वेळी एकच सशुल्क ॲप असते, तेही महिन्याच्या बोलीने. त्यातील पाहण्यासारखे पाहून झाले की ते बंद करून दुसरे घेतो. एक सावधगिरी मात्र ठेवावी : नेटफ्लिक्सचा 149 रुपयांचा मोबाइल प्लॅन टीव्हीवर चालत नाही, त्यासाठी किमान 199 चा घ्यावा लागतो.

आपल्या मुलाचे पैसे परस्पर कापले गेले आणि आता ते थांबवता येत नाहीत, हे मात्र मला मान्य नाही. रिझर्व्ह बँकेच्या 1 ऑक्टोबर 2021 पासून लागू असलेल्या नियमाप्रमाणे अशा आपोआप होणाऱ्या वसुलीची सूचना किमान 24 तास आधी यावी लागते. ती येतेही, फक्त कर्जाच्या आणि सवलतींच्या संदेशांच्या गर्दीत ती कोणी वाचत नाही. पैसे यूपीआयने जात असतील, तर त्या सेवेच्या ॲपमध्ये ‘रद्द करा’चे बटण शोधत बसण्यापेक्षा यूपीआय ॲपमधील ऑटोपेच्या यादीत जाऊन ती परवानगीच काढून टाकावी. हे काम मी सदस्यत्व घेतल्याच्या दिवशीच करतो. रद्द करण्याची वाट मुद्दाम अवघड ठेवणे हा 30 नोव्हेंबर 2023 च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ‘सदस्यत्वाचा सापळा’ ठरतो आणि त्याची तक्रार 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर करता येते.

स्टिकला आपण ‘तकलादू’ म्हटले आहे, पण निकाल देण्याआधी टीव्हीच्या मागे एकदा हात घालून पाहावा. तिची वायर टीव्हीच्याच यूएसबी खाचेत खोचलेली असेल, तर दोष बहुधा तिथेच आहे. पुष्कळ टीव्हींची ती खाच अर्धा अँपिअरच वीज देते. चित्र जड झाले, की स्टिकला ती पुरत नाही आणि ती पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. खोक्यात आलेला चौकोनी अडॅप्टर भिंतीवरच्या बोर्डात लावावा. बाजारातील बिननावाचा अँड्रॉइड बॉक्स घेऊ का, असेही आपण विचारले आहे, तर तो घेऊ नये. वाइडवाइन या चोरीविरोधी कुलपाचे एल-1 प्रमाणपत्र नसलेल्या यंत्रावर बहुतेक मोठी ॲप्स एचडी चित्र देतच नाहीत, मग महिन्याला कितीही पैसे भरा.

राहिला प्रश्न सासूबाईंचा, आणि तिथे मी पूर्ण चुकलो. दोन रिमोट, त्यात स्टिक टीव्हीच्या कोणत्या खाचेत आहे, एचडीएमआय एक की दोन, आणि हे सगळे जमले की पडद्यावर ‘कोण पाहत आहे?’ असा प्रश्न. माझी आई त्या प्रश्नाला “मीच की!” असे मोठ्याने उत्तर देऊन वाट पाहत बसली होती, आणि ही गोष्ट ठाऊक असूनही मी तो लेख लिहिला. ज्यांना आकडा दाबला की वाहिनी लागण्याची सवय आहे, त्यांच्यासाठी डीटीएच हेच सोयीचे साधन आहे. डीडी फ्री डिशला मासिक भाडे नाही, पण सासूबाईंची मालिका सशुल्क वाहिनीवर असेल, तर तिथे ती मिळणार नाही. सह्याद्री मात्र तिथे दिसते, आणि 2024 च्या नोव्हेंबरात गोव्याच्या इफ्फी या चित्रपट महोत्सवात प्रसारभारतीने सुरू केलेल्या वेव्ह्ज ॲपवरही.

तेव्हा छत्री राहू द्यावी आणि पॅक तेवढा मोडावा. पण मोडण्याआधी कोणती वाहिनी ठेवायची ते सासूबाईंना विचारावे. कालनिर्णयवर मी नोंदी करायचो त्या रात्री, सर्वांची जेवणे झाल्यावर. पहाटे साडेपाचला आई आवाज बारीक करून अभंगांची एक वाहिनी लावते, हे त्या चौकोनांत कधी आलेच नाही. वाहिनी काढल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने मला पावणेसहाला हलवून उठवले आणि काळ्या पडद्याकडे बोट दाखवले. ती सातवी वाहिनी त्याच सकाळी परत घेतली.