आता बघा

काल लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी माझा दंड हलकेच धरला आणि आवाज खाली आणून विचारलं, "आता बरं वाटतंय ना? ॲटॅक येऊन गेला म्हणे."

मला काहीही येऊन गेलेलं नाही. तक्रार तीच आहे. शुक्रवारी अख्खी संध्याकाळ टीव्हीवरच्या सायकल शर्यतीत ज्या ॲटॅकची, म्हणजे एकदम वेग वाढवून पुढे निसटण्याची, मी वाट बघितली तो आलाच नाही, आणि शेजारच्या नानांनी ती बातमी जिन्यात अर्धवट सांगितली.

शुक्रवार म्हणजे २५ जुलै २०२५. टूर द फ्रान्सचा एकोणिसावा टप्पा, यंदाच्या डोंगरांतला शेवटचा मोठा चढ. ला प्लान्यपर्यंत १९.१ किलोमीटर, सरासरी सात टक्क्यांच्या वर. पिवळी जर्सी, म्हणजे एकूण वेळेत पहिल्याची, पोगाचारच्या अंगावर, दुसरा विंगेगार्ड चार मिनिटं सव्वीस सेकंद मागे. आज नाही तर कधीच नाही, असं मी घरात चार दिवस सांगत होतो. तेवढ्यात नाना आले. पावसाने त्यांचा टीव्ही गेला होता आणि त्यांना मँचेस्टरची टेस्ट बघायची होती. रूट आपल्याला धुऊन काढतोय, ते बघून रक्तदाब कशाला वाढवता, असं म्हणून मी रिमोट मांडीखाली घेतला. श्रावणातला पहिला शुक्रवार, घरात जिवतीचे फुटाणे होते. वाटीभर नानांच्या हातात दिले. ही चूक झाली. फुटाणे असले की माणूस उठत नाही.

नाना एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. भोर-महाड मार्गावर उमेदीची वर्षं वरंधा घाटात घातलेली. घाट दिसला की त्यांची पाठ आपोआप सरळ होते.

"मूळ टप्पा १३० किलोमीटरचा होता," मी प्रास्ताविक केलं. "वाटेतल्या एका घाटात गाईंना लंपी झाला, म्हणून ९३ चा केला."

नानांचा फुटाणा हातातच राहिला. "फ्रान्समध्ये लंपी?"

"हो."

"लस नाही त्यांच्याकडे?"

"नाना, आता बघा, चढ सुरू झाला."

"किती गाई?"

मला माहीत नव्हतं. बाधित कळपातली जनावरं मारावी लागली एवढंच वाचलं होतं, आणि ते मी श्रावणाच्या पहिल्या दिवशी त्यांना सांगून बसलो. पुढची दहा मिनिटं नाना गावाकडे होते. २०२२ मध्ये आपल्याकडे लंपी आला तेव्हा बैलबाजार कसे बंद झाले, भावाच्या गाईला शेळ्यांच्या देवीची लस कशी टोचली, ती कशी वाचली. गाईचं नाव चंद्री. मध्येच आरेन्समन नावाचा डच गडी पुढे निसटला.

"हा कोण सुटला?"

"तो एकूण यादीत फार मागे आहे. त्याला सोडतात."

"सोडतात म्हणजे? शर्यत आहे ना?"

"याची शर्यत वेगळी, त्या दोघांची वेगळी. पिवळा विंगेगार्डवर लक्ष ठेवून आहे."

"पण पिवळा पुढे आहे. मागच्यावर लक्ष ठेवायला पुढे कशाला बसलाय? आणि मागचा एवढा चिकटलाय तो? आमच्या गाडीला मागून ट्रक असा चिकटला की मी कडेला घेऊन त्याला जाऊ द्यायचो."

मी हवेचा आडोसा समजावला. पुढचा वारा कापतो, मागच्याची ताकद वाचते, चढावर वेग उतरला की फायदा कमी होतो, पण उरतो. नानांनी मान डोलावली. "म्हणजे फुकट्या."

दर दोन मिनिटांनी मी म्हणत होतो, "आता बघा." बायको पुरणाचा हात घेऊन दारात येऊन बघून गेली. मुलगा दोनदा आला. विंगेगार्ड पाण्याची बाटली काढायचा आणि मी "आता बघा!" म्हणायचो. वाटी रिकामी झाली. आरेन्समन वीस-तीस सेकंद पुढे, आणि मागे जगातले दोन सर्वोत्तम चढवय्ये एकमेकांची पाठराखण करत देवदर्शनाला निघाल्यासारखे. शेवटच्या काहीशे मीटरांत विंगेगार्डला जाग आली. तोवर आरेन्समन दोन सेकंदांनी जिंकला होता. पाऊण तासाहून जास्त चढून चार मिनिटं सव्वीस सेकंदांची झाली चार मिनिटं चोवीस.

नानांनी हात झटकले. "निवृत्तीला सहा महिने राहिलेला ड्रायव्हर असाच चालवतो. डेपोत गाडी लावायची, चौकशी नको."

पोगाचार सव्वीस वर्षांचा होता, हो!

मला राग नक्की कोणाचा आला, हे अजून ठरत नाही. कारण जपून चालवणं म्हणजे कंटाळाच, हे मी मानत नाही. २०११ च्या टूरमध्ये अँडी श्लेकने इझोआरच्या चढावर, शेवटाला साठेक किलोमीटर असताना मुसंडी मारली. मागे बाकीचे एकमेकांची तोंडं बघत बसले आणि त्याची आघाडी चार मिनिटांवर गेली. मग चौतीस वर्षांच्या कॅडेल एव्हान्सने सगळ्या फुकट्यांना पाठीशी घेऊन एकट्याने गालिबिएचा शेवटचा चढ ओढला. कोणी मदत केली नाही. वर पोचला तेव्हा सव्वादोन मिनिटंच मागे होता, आणि त्या जोरावर तीन दिवसांनी पॅरिसमध्ये पिवळ्या जर्सीत उभा होता. त्या फुकट्यांनाही आपण काय हरतोय ते कळत होतं, म्हणून बघवत होतं. परवा कोणाला काय हरायचं होतं? एकाची पिवळी पक्की, एकाचा दुसरा नंबर पक्का. चार मिनिटं मागे असून दुसरा नंबर जपणाऱ्या माणसासाठी मी शेजाऱ्याची टेस्ट मॅच बुडवली. आणि वर दोन तास त्याची वकिली केली, हे जास्त झोंबतं.

रविवारी नानांचा टीव्ही दुरुस्त झाला, तरी ते आमच्याकडेच आले. जडेजा आणि सुंदर आउट व्हायचं नाव घेत नव्हते. जिंकायची शक्यता नाही, धावांची घाई नाही, आणि नाना श्वास रोखून बसलेले. स्टोक्स हात मिळवायला आला आणि आपल्या दोघांनी शतकं होईपर्यंत नकार दिला, तेव्हा तर डोळे पुसले त्यांनी. पाच दिवस खेळून मॅच अनिर्णित.

"नाना, डेपोत गाडी लावली यांनी," मी म्हणालो.

"तुला क्रिकेट कळत नाही."

ते गेल्यावर रात्री उशिरा मी एकट्यानेच टूरचा पॅरिसमधला शेवटचा टप्पा लावला. पावसामुळे एकूण वेळ शेवटाच्या बऱ्याच आधी गोठवलेली, पोगाचारची टूर खिशात. घसरड्या दगडी रस्त्यावर त्याला काही करायची गरज नव्हती, आणि मोंमार्त्रच्या त्या एवढ्याशा चढावर गडी उठला आणि सुटला! मी ओरडलो, "आता बघा!" शेवटच्या फेरीत व्हान आर्ट नावाच्या गड्याने त्यालाही मागे टाकून टप्पा मारला.

"झोपा आता," आतून आवाज आला.

सकाळी जिन्यात नानांना गाठून सगळं सांगितलं. दगड, पाऊस, तीन फेऱ्या, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं, त्या गाईंचं काही कळलं का?"