लढाई चालू असताना हिशेब मागायचा की नाही? – ‘माजी सैनिक, सातारा’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार साहेब,

युक्रेनच्या अणुवीज कंपनीतल्या टक्केवारीवर मी लिहिलेल्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, की घर पेटलेलं असताना बादल्यांचा हिशेब कुणी मागत नाही; आधी लढाई, मग चौकश्या. अशा बातम्यांनी मॉस्कोचंच फावतं. तिथली भ्रष्टाचारविरोधी संस्था अमेरिकेच्या तालावर नाचणारी. आपल्याकडे युद्धात असले प्रश्न कुणी विचारले नाहीत. आणि पुण्यात पंख्याखाली बसून लिहिणाऱ्याला खंदकातलं काय कळणार? हे शेवटचं बिनशर्त मान्य. तुम्ही नोकरीतली कित्येक वर्षं सीमेवर काढलीत, मी नाही. बाकीच्या मुद्द्यांवर मात्र मला तुमच्याशी भांडायचं आहे, आणि ते दोन ओळींत होण्यासारखं नाही, म्हणून हे स्वतंत्र उत्तर.

बादल्यांपासूनच सुरू करू. बादलीला भोक आहे का, हे आग विझल्यावर विचारून काय उपयोग? ऑगस्ट २०२२ मध्ये युक्रेनच्या संरक्षण मंत्रालयाने ‘ल्विव आर्सेनल’ नावाच्या कंपनीशी उखळी तोफांच्या एक लाख गोळ्यांचा करार केला. सुमारे दीड अब्ज रिव्निया (युक्रेनचं चलन), म्हणजे जवळपास चार कोटी डॉलरचा व्यवहार. जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या सुरक्षा सेवेने जाहीर केलं, की त्यातला एकही गोळा आघाडीवर पोचलेला नाही. पैसे मात्र परदेशी खात्यांतून फिरत गेले. दारूगोळा मोजून वापरावा लागणं म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या तुकड्यांना ‘चौकशी नंतर’ हे उत्तर कोण देणार होतं?

आता मूळ लेखातल्या प्रकरणाकडे येतो, कारण त्यातला सर्वात महत्त्वाचा भाग तुमच्या नजरेतून सुटला असं मला वाटतं. एनर्जोआटम ही सरकारी कंपनी. देशातली निम्म्याहून जास्त वीज तिच्या अणुभट्ट्यांतून येते. युद्धकाळात अशी तरतूद होती, की या कंपनीकडे थकलेली रक्कम कंत्राटदाराला कोर्टामार्फत वसूल करता येणार नाही. हेतू वाईट नव्हता. क्षेपणास्त्रं पडत असताना वीज कंपनीची खाती गोठली, तर देश अंधारात जाईल. पण तपास यंत्रणेच्या म्हणण्यानुसार याच तरतुदीचा काही लोकांनी फास केला. दहा ते पंधरा टक्के द्या, नाहीतर बिल निघणार नाही, पुरवठादारांच्या यादीतून नावही जाईल. कोर्टाचं दार बंद, त्यामुळे कंत्राटदार जाणार कुठे? आपल्याकडे कुठल्याही जिल्ह्यातल्या ठेकेदाराला विचारा, हे गणित त्याला उलगडून सांगावं लागणार नाही. फरक इतकाच, की त्या कंत्राटदारांत वीजकेंद्रांना हल्ल्यांपासून वाचवणारी संरक्षक बांधकामं करणारेही होते. म्हणजे टक्केवारी घेतली जात होती ती थेट ढालीवर.

नाबू, म्हणजे तिथला राष्ट्रीय भ्रष्टाचारविरोधी ब्यूरो, पंधरा महिने संभाषणं टेप करत होता. १० नोव्हेंबर २०२५ला त्याने हे प्रकरण बाहेर काढलं. सुमारे दहा कोटी डॉलर इकडून तिकडे फिरवल्याचा आरोप आहे. मुख्य नाव तिमूर मिंडिच, राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्की यांच्या जुन्या ‘क्वार्ताल ९५’ या टीव्ही स्टुडिओचे सहमालक. छापे पडायच्या काही तास आधी ते देशाबाहेर पडले. १९ नोव्हेंबरला संसदेने न्यायमंत्री आणि ऊर्जामंत्री दोघांना पदावरून काढलं. २८ला राष्ट्राध्यक्षांचे उजवे हात आंद्री येरमाक यांच्या घराची झडती झाली आणि त्याच दिवशी त्यांनी राजीनामा दिला. यातलं कोण दोषी हे कोर्ट ठरवेल, मी आरोप म्हणूनच लिहिलं होतं. पण एक तपशील इथे मुद्दाम पुन्हा देतो. हा काळा पैसा जिथे मोजला आणि वळवला जात होता, ते कीव्हमधलं कार्यालय नाबूच्या म्हणण्यानुसार आंद्री देरकाच यांच्या कुटुंबाच्या मालकीचं. देरकाच हे युक्रेनचे माजी खासदार आणि आता रशियाच्या वरिष्ठ सभागृहाचे सदस्य. तेव्हा शत्रूचं नेमकं कशाने फावत होतं, बातमीने की त्या कार्यालयाने?

‘आत्ता नको’ म्हटल्यावर पुढे काय होतं, त्याचंही उदाहरण तिथेच आहे. जानेवारी २०२३ मध्ये युरी निकोलोव या पत्रकाराने सैन्याच्या रेशनचा करार छापला. अंडं १७ रिव्नियाला एक, आणि कीव्हच्या दुकानात तेच सातच्या आसपास. संरक्षणमंत्री म्हणाले, आकडे उतरवताना तांत्रिक चूक झाली. काही दिवसांत उपमंत्र्यांनी राजीनामा दिला आणि पुढे संरक्षण खरेदीतल्या वस्तूंचे दर जाहीर करण्याचा कायदा झाला. त्याच वर्षी सप्टेंबरात मंत्रीही बदलले. म्हणजे एका बातमीने सैनिकाच्या ताटातली चोरी थांबवण्याची सोय झाली. बक्षीस काय मिळालं? जानेवारी २०२४ मध्ये काही लोक निकोलोव यांच्या घरी जाऊन दार बडवत होते, दारावर ‘देशद्रोही’ अशा अर्थाचे कागद चिकटवत होते, आणि सैन्यात का जात नाहीस म्हणून ओरडत होते. तुमचा तो हेतू नाही, हे मला पक्कं माहीत आहे. पण ‘युद्धात प्रश्न विचारू नका’ हे वाक्य शेवटी त्या दारापर्यंत जातं.

अमेरिकेच्या तालाबद्दल. नाबू २०१५ साली उभा राहिला तो नाणेनिधी आणि युरोपीय संघाच्या दबावाखाली, आणि प्रमुखाच्या निवडीत परदेशी तज्ज्ञांचा हात असतो. हे खरंच आहे, लपवण्यासारखं त्यात काही नाही. मग जुलै २०२५चं काय? २२ जुलैला संसदेने घाईघाईने कायदा करून नाबू आणि भ्रष्टाचाराचे खटले चालवणारं विशेष सरकारी वकिलांचं कार्यालय महाअभियोक्त्याच्या, म्हणजे मुख्य सरकारी वकिलाच्या, हाताखाली आणलं आणि राष्ट्राध्यक्षांनी त्याच संध्याकाळी सही केली. त्याच रात्री कीव्ह, ल्विव, ओडेसा, द्निप्रोमध्ये पोरं पुठ्ठ्याच्या पाट्या घेऊन रस्त्यावर उतरली. युद्ध सुरू झाल्यापासून सरकारविरुद्ध एवढी मोठी निदर्शनं झाली नव्हती. लष्करी कायद्यात सभांना बंदी, मध्यरात्री संचारबंदी, वर ड्रोनचे भोंगे. गर्दीत रजेवर आलेले आणि जखमी होऊन परतलेले सैनिकही होते. ३१ जुलैला त्याच संसदेने ३३१ मतांनी अधिकार परत दिले. ब्रसेल्सचाही, म्हणजे युरोपीय संघाचाही, दबाव होता, नाकारत नाही. पण त्या पाट्या ब्रसेल्सहून आल्या नव्हत्या.

उलट बाजूही पाहा, कारण गप्प बसण्याचा मार्ग रशियाने पुरेपूर वापरला आहे. उपसंरक्षणमंत्री तिमूर इवानोव यांच्या ऐषारामाची माहिती विरोधी नेते नवाल्नी यांच्या संस्थेने डिसेंबर २०२२मध्येच छापली होती. ती संस्था तोवर ‘अतिरेकी’ ठरलेली, मग ऐकणार कोण? अटक झाली एप्रिल २०२४ला, शिक्षा जुलै २०२५ला, तेरा वर्षांची. युक्रेनला लागून असलेल्या रशियाच्या कुर्स्क प्रांताची गोष्ट त्याहून वाईट. सीमेवरच्या तटबंदीसाठी आलेला पैसा खाल्ला गेला, हे प्रकरण पेटलं ते ऑगस्ट २०२४मध्ये युक्रेनचं सैन्य सीमा ओलांडून आत शिरल्यानंतर. माजी गव्हर्नर स्मिर्नोव यांना एप्रिल २०२५ला अटक झाली. त्यांच्या आधीचे गव्हर्नर स्तारोवोइत तोवर वाहतूकमंत्री झाले होते. जुलै २०२५मध्ये ज्या दिवशी त्यांना मंत्रिपदावरून काढल्याचं जाहीर झालं, त्याच दिवशी ते गोळी लागून मृतावस्थेत सापडले. तिथेही हिशेब झाला, पण लेखापरीक्षण शत्रूच्या रणगाड्यांनी केलं.

आपल्याकडे कुणी विचारलं नाही, असं तर अजिबात नाही. १९४८ साली काश्मीरमध्ये लढाई चालू असताना लंडनमधले आपले उच्चायुक्त कृष्ण मेनन यांनी नेहमीची पद्धत बाजूला ठेवून जीपगाड्यांचा सुमारे ८० लाख रुपयांचा व्यवहार केला. पोचल्या त्या १५५, आणि त्याही सैन्याच्या उपयोगाच्या नव्हत्या. संसदेत रान उठलं. १९५५ला सरकारने प्रकरण मिटल्याचं सांगितलं, पुढच्या वर्षी मेनन मंत्रिमंडळात आले, १९५७ला आपल्याच उत्तर मुंबईने त्यांना लोकसभेत पाठवलं आणि ते संरक्षणमंत्री झाले. १९६२च्या पराभवाला जीपगाड्या कारण होत्या असं म्हणणं बालिश ठरेल, तेव्हाच्या चुका वेगळ्या आणि मोठ्या होत्या. पण हिमालयाच्या मदतीला तुमच्या कराडचा सह्याद्री धावून गेला, तेव्हा यशवंतरावांच्या हाती आलं ते कसलं खातं होतं, याची आठवण सातारकरांना मी करून द्यावी?

तुमच्या प्रतिक्रियेतला एक प्रश्न मला खरोखर अवघड वाटतो: एवढं चोरलं जात असेल, तर बाहेरच्या देशांनी मदत का द्यावी? माझं मत, द्यावी, पण पैसा कुणाच्या हातातून जातो ते बदलावं. डेन्मार्कने २०२४ पासून एक रीत पाडली आहे. आपले पैसे थेट युक्रेनमधल्याच शस्त्रास्त्र कारखान्यांच्या मागणीवर लावायचे आणि माल सैन्याला मिळतो का ते स्वतः पाहायचं. पहिल्या खेपेत ‘बोहदाना’ या ट्रकवर बसवलेल्या १८ तोफा अशा गेल्या. यात मधले हात कमी होतात. पूर्ण जातात असं मी म्हणणार नाही, कारखान्यालाही सुटे भाग कुणाकडून तरी घ्यावेच लागतात.

शेवटी एक विनंती, टोमणा नाही. तुमच्या युनिटमध्ये आलेलं रेशन कोण तपासायचं, माल खराब निघाला तर परत पाठवायचा अधिकार कुणाला होता, आणि तो प्रत्यक्षात कितीदा वापरला जायचा? सवडीने लिहून पाठवलंत तर तुमच्या परवानगीने ते स्वतंत्र लेख म्हणून इथे टाकेन, शब्दही न बदलता.

कळावे.