फ्रीजर मटारांसाठी असतो, हार्ड डिस्कसाठी नाही

'हार्ड डिस्क बरोबर पाच वर्षं चालते' हा मेसेज परवा माझ्या मावशीपर्यंत पोचला. तिने तो मला पाठवला, वर प्रश्न: "लग्नाच्या फोटोंची डिस्क तीनच वर्षांची आहे, म्हणजे काळजी नाही ना गं?"

आहे. मेसेज म्हणतो, पाच वर्षांच्या आत डिस्क जात नाही. पाच झाली की कंपनीच ती आतून बंद पाडते. तपासणीच्या ॲपमध्ये 'गुड' दिसलं की निश्चिंत राहा. आणि गेलीच, तर पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा.

बॅकब्लेझ ही अमेरिकन कंपनी लोकांचे बॅकअप सांभाळते आणि आपल्याकडच्या किती डिस्क गेल्या ते जाहीर करते. 2013 मध्ये त्यांनी 25 हजारांहून अधिक डिस्कचा हिशोब मांडला. पहिल्या दीड वर्षात वर्षाला 5.1 टक्के गेल्या, पुढच्या दीड वर्षात 1.4 टक्के, तीन वर्षांनंतर 11.8 टक्के. चार वर्षांनी जवळपास 80 टक्के चालू होत्या, म्हणजे पाचातली एक पाचव्या वर्षाचं तोंडही न बघता गेली. हल्ली परिस्थिती बरीच सुधारली आहे. 2024 चा त्यांचा आकडा 1.57 टक्के आहे. पण त्या डिस्क रॅकमध्ये घट्ट बसवलेल्या असतात, आपल्यासारख्या गादीवर लॅपटॉपच्या वायरला लोंबकळत नाहीत.

वय वाढलं की धोका वाढतो, एवढं मात्र खरं. 'पाच वर्षांनी डिस्क बदला' इतकंच लिहिलं असतं, तर मेसेज मीच पुढे ढकलला असता.

कंपनी बंद पाडते म्हणे! बॅकब्लेझकडेच सात-सात वर्षांच्या डिस्क फिरतायत. आणि 'गुड'चं म्हणाल, तर गूगलने 2007 मध्ये लाखाहून जास्त डिस्क तपासल्या, त्यात गेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी अशी ॲप ज्यांवर विसंबतात त्या बिघाडाच्या मुख्य चार इशाऱ्यांपैकी एकही दिला नव्हता. दुसरी प्रत करून ठेवा, असं मेसेजमध्ये एका शब्दाने नाही.

आता फ्रीजर. पूर्वी काही अडकलेल्या डिस्क थंडीने आकसून तासभर चालल्या असतील, मान्य. पण आजच्या डिस्कचं हेड, म्हणजे डेटा वाचणारं-लिहिणारं बारीक टोक, आतल्या फिरत्या तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगतं. बहुतेक डिस्कच्या अंगावर एक बारीक भोक असतं, शेजारी 'हे झाकू नका' असं छापलेलं. आत-बाहेर हवेचा दाब सारखा राहावा म्हणून ते असतं. त्यातून आपल्याकडची जुलैतली हवा आत गेली, की फ्रीजमधल्या बाटलीला सुटतो तसा घाम तबकडीला सुटतो. मग तुम्ही वायर लावता. मिनिटाला 5400 फेऱ्यांनी फिरणाऱ्या ओल्या तबकडीवर हेड आपटतं आणि वरचा चुंबकीय थर खरवडून काढतं. फोटो त्या थरातच असतात. नुसतं हेड गेलं असतं, तर रिकव्हरीवाल्याने त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचं हेड बसवून डेटा काढला असता. थरच खरवडला गेल्यावर तो काय वाचणार?

टक-टक आवाज आला की वायर काढा. 'पुन्हा एकदा लावून बघू' नको. आणि डिस्क फ्रीजरमध्ये ठेवून झालीच असेल, तर ती सुरू न करता रिकव्हरीवाल्याकडे न्या आणि काय केलंत ते लाज न बाळगता सांगा, नाहीतर तोही आधी ती लावून बघेल.