वीर्य घट्ट आहे म्हणून तपासणी नको?

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: मूल होत नसलं तरी लैंगिक क्षमता चांगली, वीर्य घट्ट आणि आधी एक मूल झालेलं असेल, तर पुरुषाने तपासणीच्या फंदात पडू नये, बायकोच्या तपासण्या कराव्यात. काउंट, म्हणजे शुक्राणूंची संख्या, कमी निघालाच तर टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचं इंजेक्शन घ्यावं, महिन्याभरात वाढतो. यातलं काहीच टिकत नाही, आणि इंजेक्शनचा सल्ला तर सरळ घातक आहे.

‘वीर्य घट्ट म्हणजे शुक्राणू भरपूर.’ वीर्यात शुक्राणूंचा वाटा जेमतेम २ ते ५ टक्के. बाकी द्रव मुख्यतः वीर्यकोश आणि प्रोस्टेटमधून येतो. नसबंदी झालेल्या पुरुषाचं वीर्य दिसायला पूर्वीसारखंच असतं, शुक्राणू मात्र नसतात. ताठरतेवरूनही काउंट कळत नाही.

‘आधी मूल झालंय.’ झालं असेल. त्यानंतर संसर्ग, केमोथेरपी, एखादं औषध, वाढलेलं वजन, काहीही आड येऊ शकतं. व्हेरिकोसील, म्हणजे वृषणाच्या शिरा फुगणं, हेही हळूहळू वाढतं. ते बहुधा डावीकडे असतं, कारण डावी शीर मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते आणि रक्त तुंबतं. ते उभं राहून, जोर करायला लावून तपासतात. आडवं झोपवून तपासलं तर निसटतं. फक्त सोनोग्राफीत दिसणाऱ्या, हाताला न लागणाऱ्या व्हेरिकोसीलसाठी ऑपरेशनची घाई नको.

‘आधी बायकोची तपासणी.’ दोघांची एकदमच करा. वीर्यतपासणीला सुईसुद्धा लागत नाही. २ ते ७ दिवस संयम, साधा कंडोम किंवा वंगण नको, नमुना अंगाजवळ उबेत ठेवून शक्यतो अर्ध्या तासात, फार तर तासाभरात लॅबमध्ये. पहिल्या थेंबांत शुक्राणू सर्वात जास्त असतात. ते सांडले तर लॅबला सांगा, नाहीतर रिपोर्ट उगाच वाईट येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या नियमावलीत खालची मर्यादा अशी: वीर्य १.४ मिली, शुक्राणू मिलीला १.६ कोटी, हालचाल करणारे शुक्राणू एकूण ४२ टक्के. यापेक्षा कमी म्हणजे मूल होणारच नाही, असं नव्हे. खराब रिपोर्ट आला तर चाचणी पुन्हा करतातच.

आता ते इंजेक्शन. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी ‘पुरेसं आहे’ समजून एलएच आणि एफएसएच ही वृषणांना कामाला लावणारी संप्रेरकं कमी करते. वृषणांना हुकूमच येत नाही. शुक्राणू घडवायला त्यांच्या आत रक्तापेक्षा कितीतरी पट जास्त टेस्टोस्टेरॉन लागतं, ते आटतं. काउंट शून्यापर्यंत घसरू शकतो, वृषणंही लहान होतात. बंद केल्यावर बहुतेकांचा काउंट परततो, पण कित्येक महिने, कधी वर्षापेक्षाही जास्त लागतं. जिममधली स्टेरॉइड्स हेच करतात. घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. मूल हवं असलेल्यांसाठी एचसीजी, क्लोमिफीन अशी वेगळी औषधं आहेत.

‘महिन्याभरात वाढतो’? शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस आणि वर त्यांच्या प्रवासाचे काही दिवस लागतात. म्हणून उपचाराचा परिणाम तीन महिन्यांनी पाहतात. जोरदार ताप येऊन गेला असेल तरी तेवढंच थांबून चाचणी करावी.

दोन रिपोर्टमध्ये शुक्राणू शून्य आले तर वृषणांचा आकार, एफएसएच आणि टेस्टोस्टेरॉन तपासतात. एफएसएच जास्त आणि वृषणं लहान असली तर दोष बहुधा निर्मितीत; मग गुणसूत्रांची आणि वाय गुणसूत्रातल्या तुटीची तपासणी होते. एफएसएच आणि वृषणांचा आकार दोन्ही नॉर्मल असतील तर शुक्राणूंच्या वाटेत अडथळा आहे का, ते शोधतात.